टोपी

मेणाचा चेहरा रोमहून निघाला
तेव्हा त्याला हनुवटी होती.
अठरा दिवस खेचराच्या पाठीवर, ऐन उन्हाळ्यात.
लुग्दुनमला, माझ्या बाकावर पेटी उघडली तर
कपाळ शाबूत, नाक शाबूत,
खाली नुसता ओघळ.

विचारायचं कुणाला?
या सम्राटाला इथे कुणी पाहिलेलं नाही.
मागच्यालाही पाहिलं नव्हतं, त्याच्या मागच्यालाही.
अरारच्या काठी वाम मासे विकणारा दिविक्सतोस,
त्याची हनुवटी मी घेतली,
जरा घासली, जरा राजस केली,
बसवली ठशात.
आता सात पलटणी तिची शपथ घेतात.
दिविक्सतोसला पत्ता नाही.
तो अजून माझ्या उधारीवरून गल्ली डोक्यावर घेतो.

ठसा उलटा कोरायचा असतो.
डावं ते उजवं, खोल ते उंच.
सव्वीस वर्षं मी शब्द मागच्या दाराने आत जाऊन पाहतोय:
शांती, विजय, सैन्याची निष्ठा.
शेवटाकडून वाचलं की
कुठलाच शब्द फारसा थोर दिसत नाही.

आम्ही नाणी पाडतो.
तिकडे ते एकमेकांना पाडतात.
वर्षभरात हा तिसरा ठसा.
छाप बदल, कारभारी म्हणाला मागच्या वेळी,
पाठ तीच राहू दे.
पाठीवर दोन हात, एकमेकांत घट्ट, आणि शब्द: एकमत.
कुणाचे हात, ते कुणी विचारलं नाही.
उजव्यात छिन्नी होती, म्हणून
माझाच डावा समोर ठेवून दोन्ही कोरले.
छापल्यावर उजवे झाले.
माझं माझ्याशी एकमत
डॅन्यूबच्या पलीकडेसुद्धा खपलं म्हणे.

या खेपेला हुकूम आला, स्वातंत्र्य हवं.
उभी बाई, पायघोळ वस्त्र,
एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपी.

टोपी मला माहीत आहे.
कुटून दाबलेल्या लोकरीची, बिनशिवणीची.
एकतिसाव्या वर्षी, डोकं भादरून,
चार माणसांदेखत मालकाने मला ती घातली.
कानांना टोचत होती. ओल्या मेंढीचा वास.
बायको रडली, शेजाऱ्यांनी अंजीर वाटले,
आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना
मी त्याच बाकावर, त्याच मालकासाठी,
त्याच छिन्नीला धार लावत होतो.

नमुन्यासाठी पेटीच्या तळातून काढली.
कसर लागली होती, अर्धी चाळण झालेली.
सोन्यात कसर चालत नाही.
भोकं वगळून कोरली.

हातोडा मातुगेनसचा.
हातोडा सरकारचा, खरं तर, आणि मातुगेनसही.
एक ऑरियस म्हणजे सैनिकाचे चाळीस दिवस;
मातुगेनस म्हणजे असे वीस.
न्याहारीच्या आत तो स्वतःची किंमत
दोनदा पाडून मोकळा होतो.
नवं नाणं चिमट्यात धरून त्याने विचारलं,
ट्रोफिमस, काय लिहिलंय?
स्वातंत्र्य.
कुणाचं?
सगळ्यांचं, मी म्हणालो. लिहिलंय तसंच.
त्याने ते जरा उन्हाकडे फिरवलं,
टोपलीत टाकलं,
तळहातांवर थुंकला,
आणि पुढची चकती मागितली.

सोनं मऊ. घाव पडला तरी
ते काही बोलत नाही, ऐरण बोलते.

दक्षिणेच्या रस्त्यावर आणखी एक पेटी दिसलीय म्हणतात.
असेल.
मी दिविक्सतोसचं नाकही बघून ठेवलंय.

संध्याकाळी दारात झडती.
पहारेकरी मातुगेनसच्या केसांतून बारीक फणी फिरवतो,
नखं कोरतो, भुवया झटकतो.
पडेल ती सोन्याची धूळ ताटलीत.
मग माझ्या बगलेतली टोपी त्याने ओढली,
उलटी केली, ठोकली.
चिमूटभर पिवळं पडलं, आणि दोन अळ्या.
अळ्या फुंकरीने उडवल्या,
धूळ तोलली, वहीत लिहिली,
आणि टोपी, हसत हसत,
परत मला घातली.